खुडूक कोंबडी

मराठी भाषेंतील कांहीं शब्द परसांत जन्मास आले आणि पुढें माणसांच्या जगांत वावरूं लागले. 'खुडूक' हा त्यांपैकींच एक. कामधंदा टाकून, तोंड फुगवून कोपऱ्यांत बसून राहिलेल्या माणसाविषयीं 'तो खुडूक होऊन बसला आहे' असें बोलण्याची चाल आहे. परंतु ज्या पक्ष्यावरून हा शब्द आला, त्याच्या बसण्यांत आळसाचा लवलेशहि नसतो. कोंबडी अंडीं घालण्याचें थांबविते, पिसें फुलवून घरट्यांत ठाण मांडते, जवळ येणाऱ्यावर चोंच उगारते आणि दाण्यापाण्याची शुद्धहि विसरते, तेव्हां तिच्या आयुष्यांतील सर्वांत कष्टाचें काम सुरू झालेलें असतें. तीन आठवडे तें चालतें, आणि त्यांच्या शेवटीं परसांत पिलांचा चिवचिवाट ऐकूं येतो.

या खुडूकपणाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. अंडीं विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या वहींत खुडूक कोंबडी ही तोट्याची बाब होय. ती दाणे खाते आणि अंडें देत नाहीं. खेड्यांतील गृहिणीच्या हिशेबांत मात्र तीच सर्वांत मोलाची. कारण तिच्यामुळें पुढल्या वर्षींचा कळप बाजारांत न जातां घरींच तयार होतो. कुक्कुटपालनाचा दोन हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशीं या दोन दृष्टींमधील वादाचाच इतिहास होय. उबवणीचें काम कोंबडीनें करावें कीं माणसानें, आणि माणसानें तें आपल्याकडे घेतलें तर कोणत्या हवेंत व कोणाच्या हितासाठीं घ्यावें, हा त्या वादाचा खरा मुद्दा आहे.

घरगुती कोंबडीचा पूर्वज तांबडा रानकोंबडा होय, हें मत चार्ल्स डार्विन यानें १८६८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत साधार मांडलें. त्यानंतर दीडशे वर्षांनीं, २०२० सालीं, ८६३ पक्ष्यांच्या जनुकसंचांची तुलना करून संशोधकांनीं त्या मतास दुजोरा दिला, आणि मूळ स्थानहि अधिक नेमकें सांगितलें. नैर्ऋत्य चीन, थायलंडचा उत्तर भाग आणि म्यानमार या टापूंत राहणाऱ्या तांबड्या रानकोंबड्याच्या एका उपजातीपासून हा वंश निघाला. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका संशोधनाप्रमाणें, घरगुती कोंबडीचीं म्हणून निश्चित सांगतां येतील अशीं सर्वांत जुनीं हाडें थायलंडमधील बान नॉन वाट या ठिकाणचीं असून तीं इसवी सनापूर्वीं १६५० ते १२५० या काळांतील आहेत. भाताची व भरड धान्याची शेती रानाच्या कडेपर्यंत पोंचली, सांडलेल्या दाण्यांच्या लोभानें रानपक्षी वस्तीजवळ आला, आणि हळूहळू परसांत राहूं लागला, असा या संशोधकांचा तर्क आहे.

डार्विनच्या मतास एक पुरवणी मात्र जोडावी लागली, आणि ती महाराष्ट्रास जवळची आहे. जगांतील असंख्य कोंबड्यांचे पाय पिवळे असतात. तांबड्या रानकोंबड्यांत हा गुण नाहीं. २००८ सालीं असें सिद्ध झालें कीं, तो करड्या रानकोंबड्यापासून आला. हा पक्षी सह्याद्रीच्या व दक्षिण भारताच्या रानांतला असून त्याचें शास्त्रीय नांव पिएर सोनरा या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञावरून पडलें आहे. युरोप-अमेरिकेंतील लेगहॉर्न कोंबडीच्या पायाचा पिवळा रंग हें अशा रीतीनें या रानांचें देणें आहे.

रानांतील कोंबडी एका वेळीं पांच-सहा अंडीं घालते आणि त्यांवर बसते. अंडें हें तिच्या दृष्टीनें केवळ वंशवृद्धीचें साधन आहे. माणसानें घरट्यांतून अंडीं उचलण्यास आरंभ केला, अधिक अंडीं देणाऱ्या कोंबड्यांची पैदास राखली, आणि तिचें अंडीं घालणें लांबत गेलें. तरीहि खेड्यांतील गावठी कोंबडीनें मूळचा क्रम सोडलेला नाहीं. ती बारा-पंधरा अंडीं घालते, मग खुडूक होते. पिलें वाढवून झालीं कीं पुन्हां अंड्यांवर येते. असे तीन-चार फेरे होऊन वर्षाकांठीं पन्नास-साठ अंडीं होतात.

या तीन आठवड्यांत कोंबडी जें काम करते, तें समजल्यावांचून पुढील इतिहास समजणार नाहीं. तिच्या अंगाची उष्णता सुमारें ४१ अंश सेंटिग्रेड असते. खुडूक होतांना तिच्या पोटावरचीं पिसें गळतात, त्वचा उघडी पडते, आणि त्या उघड्या त्वचेच्या स्पर्शानें अंड्यांस ३७.५ अंशांच्या आसपास सतत ऊब मिळते. दिवसांतून अनेक वेळां ती अंडीं चोंचीनें व पायानें फिरविते; कडेचीं मध्यें घेते, मधलीं कडेस सारते. अंडें फिरविलें नाहीं तर वाढणारा गर्भ आंतल्या पडद्यास चिकटून मरतो. दिवसांतून एखादे वेळीं ती उठते, घाईनें दाणे टिपते, पाणी पिते, धुळींत अंग घुसळते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत येते. अठराव्या दिवसानंतर अंडीं फिरविण्याची गरज उरत नाहीं. कवचाच्या आंतून पिलूं किणकिणूं लागतें आणि कोंबडी हळू आवाजांत त्यास ओ देते. एकविसाव्या दिवशीं कवच फुटतें. बाहेर येण्यापूर्वीं पिलूं उरलेला बलक पोटांत ओढून घेतें. ही शिदोरी दोन-तीन दिवस पुरते. त्यामुळें आधीं निघालेलीं पिलें उपाशी न मरतां मागाहून निघणाऱ्या भावंडांची वाट पाहूं शकतात. या लहानशा गोष्टीनें पुढें मोठा व्यापार उभा केला, तें पुढें दिसेलच.

उबवणीचा आणि हवेचा संबंध अंडें कोंबडीखालीं जाण्याच्या आधींपासून सुरू होतो. सुमारें वीस अंशांच्या खालीं अंड्यांतील गर्भ निद्रिस्त राहतो. त्याहून अधिक उष्णता लागली कीं तो थोडथोडा वाढूं लागतो. थंड देशांत साठवणीचें अंडें म्हणून सुरक्षित राहतें. विदर्भ-खानदेशांत मात्र वैशाखांत सावलींतहि पारा चाळिशीच्या वर जातो. अशा हवेंत फडताळांत ठेवलेल्या अंड्यांतील गर्भ अर्धवट वाढतो आणि कोंबडी बसविण्यापूर्वींच मरून जातो. म्हणून उष्ण मुलखांत उबवणीचीं अंडीं आठवड्याच्या आंतलीं घ्यावीं, ओल्या वाळूंत ठेवलेल्या मडक्यांत गारव्यास ठेवावीं, तीं धुऊं नयेत, आणि शक्य तों पाऊस सरल्यापासून शिमग्यापर्यंतचाच हंगाम धरावा, हे नियम शास्त्रानेंहि मान्य केले आहेत.

जाणत्या बायकांची रीत पाहिली तर तींत या प्रत्येक नियमाची सोय आढळते. रुंद टोपलींत राख किंवा वाळू व तिच्यावर गवत अंथरावयाचें. उवा-पिसवा होऊं नयेत म्हणून कडुनिंबाचा पाला घालावयाचा. अंड्यांवर कोळशानें खूण करावयाची, म्हणजे दुसऱ्या कोंबडीनें मध्येंच घातलेलें अंडें ओळखूं येतें. टोपली अंधाऱ्या, गार कोपऱ्यांत ठेवावयाची. आठवड्यानें एकेक अंडें दिव्यासमोर धरून, ज्यांत शिरांचें जाळें दिसत नाहीं तें बाजूस काढावयाचें. या रीतीनें बसविलेल्या बारा अंड्यांतून नऊ-दहा पिलें निघणें ही कांहीं नवलाची गोष्ट नाहीं. अनेक यंत्रांस याहून अधिक यश येत नाहीं.

कोंबडीची जातहि हवेस धरूनच घडली. गावठी कोंबडी चणीनें लहान, पायांनीं उंच आणि अंगानें सडपातळ. तिच्या अंगांत उष्णता फार सांचत नाहीं. उघड्या मानेची जी जात ठिकठिकाणीं आढळते, तिला पिसेंच कमी असल्यामुळें उन्हाळा कमी बाधतो. करड्या-तपकिरी पिसांची कोंबडी पाचोळ्यांत घारीच्या नजरेस सहज पडत नाहीं. हे गुण कोणी वहींत लिहून निवडलेले नाहींत. ज्या कोंबड्या ऊन, घार आणि मुंगूस यांतून वांचल्या, त्यांनींच पुढला वंश चालविला.

असें असतांना हें ज्ञान ग्रंथांत फारसें उतरलें नाहीं. मनुस्मृतीनें ग्रामकुक्कुट द्विजांस वर्ज्य ठरविला. पतंजलीनें महाभाष्याच्या प्रारंभींच शब्दार्थाची चर्चा करतांना त्याचें उदाहरण घेतलें आहे: गांवचा कोंबडा खाऊं नये असें सांगितलें कीं रानचा चालतो हें न सांगतां समजतें, असा त्याचा आशय. लिहितावाचतां येणाऱ्या वर्गाच्या घरांत कोंबडी शिरली नाहीं, आणि ज्यांच्या घरांत ती होती त्यांच्या हातीं लेखणी नव्हती. कुणबी, दलित, आदिवासी, मुसलमान व ख्रिस्ती घरांतील बायकांनीं हें शास्त्र तोंडोतोंडीं चालविलें. कोंबडें झांकल्यानें उजाडावयाचें राहात नाहीं, ही म्हण सर्वांनीं उचलली. परंतु तें कोंबडें डालग्याखालीं झांकणाऱ्या बाईस काय ठाऊक आहे, हें विचारावयास फारसें कोणी गेलें नाहीं. गाय-बैल घरधन्याच्या मालकीचे असत. कोंबडीचा पैसा बहुधा बाईच्या हातांत राही. मुलाची वही, औषधाची पुडी, पाहुण्याचें जेवण हीं सारीं त्यांतून निघत. खुडूक कोंबडी शेजारणीस वाट्यानें देऊन पिलें अर्धीं-अर्धीं वांटून घेण्याचीहि रीत होती.

उबवणीचें काम माणसानें स्वतःकडे मोठ्या प्रमाणावर घेतलें तें ईजिप्त देशांत. ॲरिस्टॉटल यानें तेथें अंडीं उकिरड्यांत पुरून उबवितात असें लिहिलें आहे, आणि पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी यानें सम्राज्ञी लिव्हियाची गोष्ट दिली आहे. आपणांस मुलगा होईल कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तिनें एक अंडें आपल्या उराशीं धरून उबविलें, आणि त्यांतून तुरेबाज कोंबडा निघाला. लिव्हियाचें अंडें ही राजवाड्यांतील हौस होती. ईजिप्तमधील उबवणी हा मात्र गांवोगांवचा धंदा होता.

तेथें कच्च्या विटांच्या जाड भिंतींची भट्टी बांधीत. मधून एक बोळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंस दुमजली खोल्या. खालीं अंडीं, वर शेण व काटक्या-काडाचा मंद विस्तव. पहिले दहा-बारा दिवस विस्तव ठेवीत. पुढें वाढत्या गर्भांची स्वतःचीच उष्णता इतकी होई कीं, विस्तव काढून घेत आणि अंडीं दोन्ही मजल्यांवर पसरून ठेवीत. उष्णतामापक नव्हता. कारागीर अंडें आपल्या पापणीस लावून पाही. पापणीची त्वचा नाजूक असल्यामुळें अंश-दीड अंशाचा फरक त्यास कळे. ही विद्या बापाकडून मुलाकडे जाई आणि बाहेरच्यास सहसा सांगत नसत. १८३६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत एडवर्ड लेन यानें जे आंकडे दिले आहेत त्यांवरून, त्या काळीं ईजिप्तमध्यें १६० हून अधिक भट्ट्या होत्या आणि त्यांत एका हंगामांत अडीच कोटींहून अधिक अंडीं घातलीं जात. त्यांपैकीं सुमारें तिसरा हिस्सा वायां जाई. शेतकऱ्यानें दोन अंडीं द्यावीं आणि एक पिलूं न्यावें, असा सर्वसाधारण व्यवहार होता.

या भट्टीविषयीं रोमुर या फ्रेंच शास्त्रज्ञास मोठें कौतुक वाटलें. त्यानें तीच किमया फ्रान्समध्यें करण्याचा चंग बांधला आणि १७४९ सालीं या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पिंपांत अंडीं ठेवून तीं पिंपें तापलेल्या खतांत पुरावीं, हा त्याचा पहिला प्रयोग. परंतु खतांतील दमट वाफेनें गर्भ मरूं लागले. मग त्यानें भट्टीच्या उष्णतेचा उपयोग केला, हातांत उष्णतामापक घेतला आणि पिलें काढून दाखविलीं. परंतु तें शास्त्रज्ञाचें यश होतें; फ्रान्सच्या शेतकऱ्याचा धंदा त्यामुळें पालटला नाहीं. नाईलच्या कांठची कोरडी हवा, वसंतांतील सारखी ऊब, कच्च्या विटांच्या जाड भिंती आणि पिढीजात पापणी या साऱ्यांची मिळून ती भट्टी झाली होती. त्यांपैकीं एकटी भट्टी उचलून दुसऱ्या हवेंत नेतां येत नाहीं, हा धडा रोमुरच्या प्रयोगांतून मिळतो.

ईजिप्तचा आणखी एक धडा आहे. तेथील फयूमी जातीची कोंबडी चपळ, काटक आणि उन्हास दाद न देणारी म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु तरुणपणीं ती सहसा खुडूक होत नाहीं. ज्या देशांत शतकानुशतकें भट्टीनें पिलें काढलीं, तेथें अंड्यांवर न बसणारी कोंबडीहि निपुत्रिक राहिली नाहीं; तिचा वंश इतर कोंबड्यांप्रमाणेंच वाढला. जें काम माणूस कायमचें आपल्याकडे घेतो, तें करण्याची शक्ति पशुपक्ष्यांतून हळूहळू ओसरते.

ईजिप्तमध्यें जें सावकाश घडलें तें यंत्रयुगानें शंभर वर्षांत घडविलें. १८७९ सालीं कॅलिफोर्नियांतील पेटालुमा येथें लायमन बाइस यानें उबवणीयंत्र तयार केलें. १८८१ सालीं इंग्लंडांत चार्ल्स हिअरसन यानें आपोआप उष्णता राखणारी डबी बसविलेलें यंत्र काढलें. आतां पापणीची गरज राहिली नाहीं. पुढें पिलाच्या पोटांतील बलकाची शिदोरी व्यापाऱ्यांच्या कामीं आली. दोन-तीन दिवस दाण्यापाण्यावांचून जगणारें पिलूं पेटींत घालून दूर धाडतां येतें. अमेरिकेच्या टपालखात्यानें १९१८ सालीं अशीं एक दिवसाचीं पिलें टपालानें नेण्याचें मान्य केलें. भावंडांची वाट पाहण्यासाठीं निसर्गानें दिलेली मुदत रेल्वेच्या प्रवासास उपयोगी पडली.

त्याबरोबर खुडूकपणा हा दोष ठरला. इटलींतील लिव्होर्नो बंदरावरून नांव पडलेली लेगहॉर्न जात अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकांत गेली. ती क्वचितच खुडूक होते. म्हणून तीच पांढऱ्या अंड्यांच्या धंद्याचा आधार बनली. १९३० च्या दशकांत ऑस्कर रिडल व त्यांचे सहकारी यांनीं मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूष ग्रंथींतील प्रोलॅक्टिन या द्रव्याचा शोध लावला, आणि त्याच्या योगानें कोंबडींत खुडूकपणा आणतां येतो हें दाखविलें. निवड करतां करतां हा गुण व्यापारी जातींतून जवळजवळ नाहींसा झाला, आणि आज त्या कोंबड्या वर्षाला तीनशेंच्या घरांत अंडीं देतात. हा पराक्रम लहान नव्हे. त्यामुळें अंडें स्वस्त झालें आणि शहरांतील सामान्य कुटुंबाच्या ताटांत आलें. परंतु अशी कोंबडी स्वतःचा वंश स्वतः चालवूं शकत नाहीं. तिच्यामागें यंत्र, वीज, तयार खाद्य आणि लस यांची सांखळी अखंड असावी लागते.

हिंदुस्थानांत ही सांखळी येण्यापूर्वीं केवळ पक्षी आले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मिशनऱ्यांनीं आणि सरकारी शेतकीखात्यांनीं लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड अशा जाती आणल्या. गावठी कोंबडा द्यावा आणि विलायती कोंबडा न्यावा, म्हणजे चार पिढ्यांत गांव सुधारेल, अशी कल्पना होती. अंडीं मोठीं झालीं हें खरें. परंतु खेड्याच्या उकिरड्यावर मिळेल तें टिपून, घारीस चुकवून, झाडावर रात्र काढून जगण्याचें कसब त्या पक्ष्यांत नव्हतें. कोंबडा परत बोलावून घेतला किंवा मेला, कीं सुधारणा तेथेंच थांबे.

शिवाय एक मोठा शत्रु उभा होता. १९२६ सालीं इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें व जावा बेटांत ज्या रोगाचें वर्णन झालें, तोच १९२८ सालीं कुमाऊंतील राणीखेत या गांवाच्या नांवानें हिंदुस्थानांत ओळखला गेला. मराठींत त्यास मानमोडी म्हणतात. कोंबडी मान वांकडी करते, धापा टाकते, आणि दोन-चार दिवसांत अख्खें खुराडें रिकामें होतें. १९३९ सालीं इज्जतनगर येथें कुक्कुट संशोधनाचा स्वतंत्र विभाग निघाला, आणि १९४० च्या दशकांत मुक्तेश्वर येथील विषाणूच्या वाणापासून या रोगाची लस तयार झाली. परसांतील कोंबडीवर आधुनिक विज्ञानानें केलेला हा सर्वांत मोठा उपकार होय. कारण त्यानें तिचें रूप न पालटतां तिचा जीव वांचविला.

स्वातंत्र्यानंतर धंदा वेगानें वाढला. १९७१ सालीं बी. व्ही. राव यांनीं हैदराबाद येथें व्यंकटेश्वरा हॅचरीज ही संस्था काढली. पुढें तिचें मुख्य ठाणें पुण्यास आलें, आणि महाराष्ट्र या व्यवसायाचें एक केंद्र बनला. परसांतील कोंबडी या घोडदौडींत मागें पडली, तेव्हां संशोधकांनीं पुन्हां तिच्याकडे लक्ष वळविलें. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेनें वनराजा व ग्रामप्रिया, आणि बंगळूरच्या कृषि विद्यापीठानें गिरिराज, हे वाण काढले. रंगीत पिसें, काटक शरीर, वर्षाला शंभरांहून अधिक अंडीं, आणि उकिरड्यावर चरण्याची तयारी असे गुण यांत जाणून राखले आहेत. जुन्या चुकीची ही मोठी दुरुस्ती होती.

एक गुण मात्र बहुधा बाहेरच राहिला. हे वाण सहसा खुडूक होत नाहींत, आणि त्यांच्या पिलांत आईबापांचे गुण तसेच्या तसे उतरत नाहींत. म्हणून कळप संपला कीं नवीं पिलें उबवणी केंद्रांतून आणावीं लागतात. तालुक्याच्या गांवाजवळ राहणाऱ्या कुटुंबास हें जमतें. डोंगरांतील पाड्यावर राहणाऱ्या बाईस जमत नाहीं. पिलांच्या पेटीस वैशाखांतील एसटीचा प्रवास सोसत नाहीं, आणि उधारीनें पिलें कोणी देत नाहीं. व्यवहारी बायकांनीं यावर आपली तोड काढलीच: सुधारलेल्या कोंबडीचीं अंडीं गावठी खुडूक कोंबडीखालीं ठेवावयाचीं. म्हणजे ज्या पक्ष्यास दूर सारावयाचें होतें, त्याच्याच उबेवर सुधारणेचें पाऊल पडतें.

नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूरचें उदाहरण या सर्व इतिहासाचें सार सांगतें. त्या टापूंत व शेजारच्या गुजरातेंत आदिवासी कुटुंबांनीं सांभाळलेली 'बुसरा' ही जात भारताच्या नोंदणीकृत देशी जातींपैकीं एक आहे. त्याच नवापुरांत मोठमोठीं व्यापारी खुराडींहि उभीं राहिलीं. फेब्रुवारी २००६ मध्यें भारतांतील पहिला बर्ड फ्लू तेथेंच उघडकीस आला. रोग पसरूं नये म्हणून ठरलेल्या परिघांतील लाखों कोंबड्या मारण्यांत आल्या, आणि त्यांत परसांतील कोंबड्याहि गेल्या. सार्वजनिक आरोग्यासाठीं तें करणें भागच होतें. परंतु नुकसानीचा अर्थ दोन्हीकडे एकच नव्हता. व्यापारी खुराडें नवीं पिलें मागवून पुन्हां भरतां येतें; पिढ्यान्‌पिढ्या एका हवेंत घडलेली, अंड्यांवर बसणारी जात एकदां संपली तर ती कोणत्याहि यंत्रांतून परत निघत नाहीं.

मग गावठी कोंबडीचा हिशेब तोट्याचा कां दिसतो? त्याचें उत्तर उबवणींत नाहीं. बारा अंड्यांतून दहा पिलें निघतात. परंतु दोन महिन्यांनीं त्यांपैकीं निम्मीं उरलीं तरी घरधनीण समाधान मानते. मानमोडी, देवी, घार, मुंगूस, पावसांतील ओल, आणि पिलांस वेगळे दाणे न मिळणें हीं त्याचीं कारणें होत. म्हणजे खर्च करावयाचा तो खुडूकपणा घालविण्यासाठीं नव्हे, तर त्यानंतरच्या पहिल्या सहा-आठ आठवड्यांसाठीं. वेळेवर टोंचलेली लस, रात्रीं बंद होणारें खुराडें, आई शिरूं शकणार नाहीं अशा डालग्याखालीं पिलांपुरती ठेवलेली कणी, आणि दुपारीं सावलींत गार पाणी, इतक्याच गोष्टींनीं निम्म्याचीं आठ-नऊ पिलें करतां येतात. त्यांस मोठें भांडवल लागत नाहीं. लागते ती लस घेऊन गांवापर्यंत पोंचणारी व्यवस्था.

२०१९ च्या पशुगणनेंत भारतांत ८५ कोटींहून अधिक कोंबड्या व इतर पाळीव पक्षी मोजले गेले; त्यांपैकीं सुमारें ३१ कोटी ७० लाख परसांतील होते, आणि २०१२ च्या मानानें परसांतील संख्या सुमारें ४६ टक्क्यांनीं वाढली होती. यंत्रयुगांत परसांतील कोंबडी नामशेष होईल हें भाकीत निदान आजवर खरें ठरलेलें नाहीं. शहराची भूक यंत्रानें उबविलेल्या अंड्यांवर भागेल, आणि तें योग्यच आहे. परंतु जेथें वीज जाते, रस्ता पावसांत तुटतो आणि हातांत रोकड नसते, तेथें तीन आठवडे टोपलींत बसून राहणारी कोंबडी हेंच सर्वांत स्वस्त व सर्वांत भरंवशाचें यंत्र आहे. नवा वाण काढणाऱ्या संशोधकानें अंड्यांची संख्या, वजन व रंग यांच्या रकान्यांबरोबर आणखी एक रकाना ठेवावा: ही कोंबडी अंड्यांवर बसते काय? ज्या बाईसाठीं तो वाण काढावयाचा, तिचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो.